येळवसेच्या संध्याकाळची धार

शेजारच्या रानात कडब्याच्या पेंढ्या ओढल्याचा आवाज सकाळपासून येतोय. लोकांनी कोपी बांधायला घेतल्या. ज्वारी निसवली आहे, हरभरा फुलावर आहे, तुरी वाळून खडखडतात. गल्लीत कुठल्याही दारापुढून गेलं तरी अंबिलीसाठी भिजवलेल्या पिठाचा आंबूस वास येतो. येळवस आली. कॅलेंडरात तिला वेळ अमावस्या म्हणून छापतात. आमच्या मुरुम गावाकडच्या भागात येळवसच.

त्या दिवशी गावात कुणी राहत नाही. ज्याच्या त्याच्या रानात कडब्याची कोप, कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. त्यांना नैवेद्य दाखवायचा आणि मग दिवसभर खायचं. भज्जी, उंडे, खीर, मडक्यातली अंबील. बांधावरून जाणारा माणूस ओळखीचा असो की नसो, त्याला हाक मारून बसवायचं. नाही म्हणायची रीत नाही. अंधार पडायला लागला की गवताचा हेंडगा पेटवून पिकाभोवती फिरवायचा आणि घरी यायचं. तोवर गावात कुत्री, अंथरुणाला खिळलेली माणसं, आणि ज्यांच्या घरात त्या साली मयत झालेली असते ती माणसं. त्यांना सण नसतो.

माझ्या लेकीचे, लीलाचे आप्पा, म्हणजे आमचे मालक, गेले त्या साली मी अशीच गावात राहिले होते.

त्या सालचं मला सगळं आठवतं, आणि काहीच लागत नाही. पहाटे गव्हाला पाणी धरताना पाय गार पडतात, मग आपलेच पाय आपल्याला कळत नाहीत, काटा रुतला तरी घरी आल्यावर रक्त बघून कळतं. तसं. भूक लागायची. झोप यायची. भाकरी गोल व्हायची. माणसं भेटायला यायची, माझ्याकडं बघायची, मग एकमेकींकडं बघायची. मी चहा ठेवायला उठले की मागं कुजबुज व्हायची. "डोळं बघ की तिचं, कोरडं ठणठणीत."

श्रावणात गेले ते. मुरुमच्या बाजारात चहा पीत बसले होते, कप हातात असतानाच मान टाकली. फोन निलव्वाच्या पोराला आला. निलव्वा म्हणजे आमची शेजारीण, तिची आणि माझी भिंत एक. ती धावत आमच्या गोठ्याच्या दाराशी आली आणि म्हणाली, "आगं बाई, मालक गेले तुझे." मी म्हशीखाली बसले होते. पुरी धार काढली. बादली झाकून ठेवली, रेडकू सोडलं, मग उठले.

निलव्वानं ते गावात सांगितलं. वाईट बुद्धीनं नाही सांगितलं, तिला ते पोटात ठेवता आलं नाही. "बादली भरूस्तवर उठली न्हाय बया. मी उभीच. मला वाटलं, ऐकू गेलं न्हाय का काय, म्हणून परत सांगितलं." हे खरंच आहे. ती दोनदा म्हणाली होती.

आमच्या लिंगायतांत मयताला निजवत नाहीत, बसवून माती देतात. आप्पांना आमच्याच रानात, बांधाजवळ बसवलं. कपाळाला भस्म, बेलाची पानं. लीला धाराशिवला कॉलेजच्या वसतिगृहात होती. ती जीपमधून उतरली तीच ओरडत. वेशीपासून रानापर्यंत तिचा आवाज येत होता आणि माझ्या मनात आलं, हिचा घसा बसेल आता. एवढंच आलं. तिला कुणीतरी पुढं कधी धारेचं सांगितलं असणार. तिनं मला विचारलं नाही. माझ्या हातचं जेवायची, आणि नजर ताटात.

मग थंडी पडली आणि येळवसेच्या आधी ती आली, सोबत दोघांना घेऊन. समीर आणि प्राजू, तिच्याच वर्गातले. ती फिल्म बनवायचं शिकत होती. शेवटच्या वर्षाला प्रत्येक गटानं एक छोटी फिल्म करून दाखवायची असते. त्यांनी आमचं घर, गोठा आणि रान निवडलं होतं. समीर कॅमेरावाला, प्राजू काम करणारी, आणि फिल्म लीलाची.

मला वाटलं होतं, आले की लगेच कॅमेरा काढतील. तसं नव्हतं. दोन दिवस ती तिघं ओसरीवर लॅपटॉप मांडून दुसऱ्यांचे सिनेमेच बघत बसली. निलव्वानं विचारलंसुद्धा, "शिकायला पाठवलंय का शिनेमे बघायला?"

समीर म्हणाला, "काकी, बघितल्याबिगर बनतच न्हाय. तुम्ही पहिली भाकरी कशी केली? आईची बघूनच ना?"

"आईनं लाटणं हाणलं, म्हणून आली," निलव्वा म्हणाली.

त्यांच्या सरांनी सांगितलं होतं, आधी चांगले सिनेमे बघा, त्यातलं घ्या, पण घेतलेलं घेतल्यासारखं दिसू देऊ नका. लीला मला म्हणाली, "अव्वा, ये की. तू पण बघ." आमच्याकडं आईला अव्वा म्हणतात. मी मटार सोलत होते, परात घेऊन मागं बसले. कितीतरी महिन्यांनी तिनं मला जवळ बोलावलं होतं.

सगळे सिनेमांतल्या एकाच जागेचे तुकडे होते. बाईला कळतं की तिचा माणूस गेला. एका बाईच्या हातातून घागर सुटली. एकीच्या हातातून ताट. एका शहरातल्या बाईच्या हातातून कपबशी पडली, तिचे तुकडे हळूहळू, हळूहळू उडाले. एकीनं बांगड्या भिंतीवर आपटल्या. एक नुसती पळत सुटली, ज्वारीतून, आणि कॅमेरा तिच्या मागं.

मी म्हणाले, "सगळ्यांच्याच हातातनं काहीतरी पडतंय."

"पडावंच लागतं अव्वा," लीला म्हणाली. "मनातलं कॅमेऱ्याला दिसत न्हाय. दिसंल असं काहीतरी पडलं की बघणाऱ्याला कळतं, हिच्या आत काय झालं."

मी शेंग सोलत राहिले. मला ते पटलं. माझ्या हातातून काही पडलं नव्हतं, म्हणून गावाला कळलं नसेल.

मग एक परदेशातला तुकडा लागला. भाषा कळत नव्हती. एक म्हातारपणाकडं झुकलेली बाई स्टेशनच्या बाकावर पाव खात बसली आहे. एक माणूस येतो, टोपी काढतो, काहीतरी सांगतो आणि जातो. बाई उरलेला पाव खाते. सगळा खाते. मग मांडीवरचा चुरा गोळा करून तोही तोंडात टाकते. एवढंच.

"हे परत लाव बरं," मी म्हणाले.

तिघांनी माझ्याकडं बघितलं. मी आपणहून काही मागायची बाई नाही. लग्नात नाव घ्यायला उभी केली तेव्हा इतका वेळ खाली मान घालून उभी होते की सासूबाईच म्हणाल्या, "जाऊ द्या, मुकी तर मुकी."

समीरनं परत लावलं. लीला म्हणाली, "हे आपण घेत न्हाय अव्वा. ह्याच्यात काही होतच न्हाय."

"सर म्हणले, हे लावलं तर पब्लिक झोपतं," समीर म्हणाला.

मी उठून भाकरी करायला गेले. तव्यावर पाण्याचा हात फिरवताना ती बाई डोळ्यापुढं होती. तिनं चुरा उचलला तेव्हा तिचं बोट मांडीवर फार हलकं टेकत होतं, जसं कुणी झोपलेलं असावं.

दुसऱ्या दिवशी लीलानं फिल्ममध्ये काय काय होणार ते वाचून दाखवलं. गोठा. बाई म्हशीची धार काढते आहे. कुणीतरी दाराशी येऊन सांगतं, मालक गेले. बाईच्या हातातून बादली सुटते. दूध गोठ्याच्या मातीत पसरत जातं. बाई हंबरडा फोडते. शेवट. वाचताना तिनं एकदाही वर बघितलं नाही. प्राजू म्हणाली, "दूध पसरतं ते भारी दिसंल, पांढरं, काळ्या मातीवर." मी म्हणाले, "व्हय, दिसंल."

संध्याकाळी ती दोघं रानाकडं गेली होती. लीला माझ्याजवळ हरभऱ्याचा पाला खुडायला बसली आणि म्हणाली, "अव्वा, एक विचारू?"

"विचार की."

"आप्पांचं कळल्यावर तू खरंच धार पुरी काढलीस?"

"व्हय."

"का?"

मी खरं ते सांगितलं. "म्हशीनं पान्हा सोडला होता."

म्हशीचं असं असतं की एकदा पान्हा सोडल्यावर मधेच हात काढला तर ती दूध वर ओढते. आचळात दूध राहतं, कास दगडासारखी होते, म्हैस आठ दिवस तळमळते. हे लीलाला लहानपणापासून माहीत आहे. पण तिनं मला म्हशीचं विचारलं नव्हतं. एवढं मलाही कळत होतं. मी आत शोधलं. खरंच शोधलं. तिथं काही हाताला लागलं नाही.

ती पाला तसाच टाकून उठली. दाराशी जाऊन म्हणाली, "तुला म्हशीचं पडलं होतं. निदान फिल्ममधे तरी ती बादली पडू दे."

तेव्हा मला कळलं, ही फिल्म कशाला चालली आहे. तिला सरांकडून शाबासकी हवी होती, ती तर हवीच. पण तिला आणखी एक हवं होतं. आप्पा गेल्यावर जी बाई दिसायला हवी होती, ती तिला एकदा आमच्या गोठ्यात बघायची होती.

अडचण म्हशीची आली. प्राजूला तिच्याखाली बसवली तर म्हशीनं मान वळवून बघितलं आणि पाय उचलला. प्राजू दारापर्यंत पळाली. निलव्वा हसून हसून खाली बसली. "ही काय धार काढती! म्हशीनं शेपूट झाडलं तर पोरगी अक्कलकोटला जाऊन पडंल."

मग ठरलं की हात माझे घ्यायचे. माझं तोंड दिसणार नाही, नुसते हात, आचळ, बादली. हंबरड्याला प्राजू. मला तेवढं जमण्यासारखं वाटलं. लीला म्हणाली, "मी दारातनं सांगीन, मग तू बादली सोडायची. सोडशील?"

"सोडीन."

"म्हैस पान्हा चोरंल मग."

"चोरू दे. कास शेकीन मी."

जन्मात मी दूध मुद्दाम सांडलं नव्हतं. पण मनाशी पक्कं केलं होतं. पोरीला तेवढं द्यायचं.

येळवसेचाच दिवस धरला होता, कारण त्या दिवशी गाव मोकळं असतं. गिरणी बंद, ट्रॅक्टर बंद, देवळाचा भोंगा बंद. समीर म्हणाला, आवाज असा स्वच्छ परत मिळणार नाही. दुपारी निलव्वानं समीर आणि प्राजूला आपल्या कोपीत नेऊन जेवू घातलं, लीला नुसती सोबतीला गेली. आम्हाला सण नव्हता, मी घरी. समीर अंबील पिऊन तिथंच बांधावर आडवा झाला, त्याला उठवता उठवता लीलाचा जीव गेला. आला तोच म्हणाला, "मावशी, ते दारूपेक्षा बेक्कार हाय. अजून हाय का?"

दुपारभर मी ओसरीवर बसून होते. रिकाम्या गावाचा एक आवाज असतो. कुठंतरी पत्रा तडकतो, कुठंतरी कोंबडी पाला उकरते. रानातून माणसांच्या आरोळ्या यायच्या, कोपीला फेऱ्या घालतानाच्या, आणि वारा फिरला की थांबायच्या. इतर साली त्या आरोळ्यांत एक आवाज आप्पांचा असे. त्यांचा आवाज फाटका होता, म्हणून वेगळा ऐकू यायचा. मी कान देऊन ऐकलं. काही झालं नाही. ऊन भिंतीवरून खाली उतरत गेलं.

धारेची वेळ झाली. समीरनं कॅमेरा अगदी खाली, माझ्या गुडघ्याजवळ लावला आणि बादलीला एक बारका माईक. लीला दारात उभी राहिली, श्रावणात निलव्वा उभी होती तिथंच. तिला कुणी जागा सांगितली नव्हती. दार एकच आहे, उभं राहणारं माणूस तिथंच राहतं. म्हैस एका वेळेला एकदाच दूध देते, त्यामुळं पुन्हा करून बघायची सोय नव्हती, आणि सकाळच्या गाडीनं ती तिघं परत जाणार होती.

मी रेडकू लावलं, ओढून बांधलं, कास धुतली, बसले. बादली गुडघ्यात धरली. पहिल्या धारा रिकाम्या बादलीत वाजतात. मग तळ झाकतो, आवाज जाड होत जातो, वर फेस येतो. म्हैस डोळे मिटून रवंथ करत होती.

कागदावर "मालक गेले" असं होतं. लीला म्हणाली, "अव्वा, आप्पा गेले."

मला आठवत होतं की आता बादली सोडायची. गुडघे सैल करायचे, बास, बादली आपोआप पडेल. मी गुडघ्यांना सांगितलं. ते माझे नव्हते. हात चालत होते.

"अव्वा," ती परत म्हणाली, "आप्पा गेले ना गं."

धार चालूच. समीर थांबला नाही, लीलाही थांबा म्हणाली नाही. आचळ रिकामे होईपर्यंत मी काढत राहिले. मग उठले, बादली झाकली, रेडकू सोडलं, आणि हात पुसत म्हणाले, "चुकलं का गं माझं?"

लीला दारातच खाली बसली होती. तिनं मान वर केली तेव्हा चेहरा रागानं पांढरा पडला होता. "एकदा थांबला असता हात. एकदा. तुझा हात एकदापण थांबला न्हाय."

मलाही तसंच वाटत होतं. बाहेर अंधार पडत होता. लांब रानात हेंडगे पेटले होते, आगीचे गोळे पिकांच्या कडेनं पळत होते. प्राजू ते बघायला अंगणात गेली. समीर वायरी गुंडाळत माझ्याकडं न बघता म्हणाला, "मावशी, टेन्शन घेऊ नका. काहीतरी करू आम्ही." सकाळी ती तिघं गेली. मी फडक्यात खारी बांधून दिली होती, ती लीलानं घेतली, पण माझ्याकडं न बघता पिशवीत टाकली.

नंतर तिचा फोन यायचा तो कामापुरता. बँकेत गेली होतीस का. म्हशीचं इंजेक्शन झालं का. मीही कामापुरतीच बोलायचे. संक्रांत गेली, हुरडा आला, ज्वारी पिवळी पडायला लागली. निलव्वा म्हणायची, "पोरगी फुगली व्हय? फुगू दे. माझी तर नांदायला गेली तरी फुगलेलीच हाय." मी हसायचे. हसू येत होतं, ते एक बरं होतं.

ज्वारी काढायला आली तेव्हा लीला न सांगता आली. एकटीच. पाय न धुता ओसरीवर बसली, लॅपटॉप काढला आणि म्हणाली, "बस."

मी बसले. तिनं मोठे फोन माझ्या कानांवर चढवले. केसांत अडकले, तिनं सोडवले. आधी मला वाटलं आता प्राजू रडताना दिसेल. प्राजू नव्हती. सांडलेलं दूध नव्हतं. नुसता गोठा आणि माझे हात. माझे हात मी असे कधी बघितले नव्हते. काळे, नखांत कोंडा, अंगठा धारेबरोबर आत वळणारा. कानात धारेचा आवाज इतका मोठा की गोठा डोक्यातच आहे असं वाटावं.

मग फिल्ममधल्या दारातून, माझ्या मागून, लीलाचा आवाज आला. अव्वा, आप्पा गेले.

आणि धार बंद पडली.

मी लॅपटॉपकडं बघत राहिले. हात आचळावर तसेच होते, मुठी बंद, पण काही येत नव्हतं. फेसावरचा एक बुडबुडा फुटला, तो ऐकू आला. म्हशीचा श्वास ऐकू आला. मग उजवा अंगठा थरथरला, वळला, आणि धार पुन्हा सुरू झाली. पहिल्या दोन धारा वाकड्या गेल्या, बादलीच्या काठावर.

लीलानं ते थांबवलं. मागं नेलं. परत लावलं. मी कानावरचं काढलं तेव्हा म्हणाली, "आवाज जोडताना सापडलं मला. आधी वाटलं माईक बंद पडला. समीर म्हणला, माईक न्हाय, बघ, हातच थांबलाय. किती वेळा लावलं मी ते अव्वा. सर म्हणले, हे कुठल्या फिल्ममधनं घेतलं? मला सांगताच येईना."

तिच्या नाकातून पाणी येत होतं, ती मनगटानं पुसत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो जड होता, मला तो उचलता येईना, म्हणून तिथंच ठेवला.

मला कुणी विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं की हात थांबले नव्हते. मला ते कळलंच नव्हतं. मग श्रावणातल्या त्या दिवशीही थांबले असतील. निलव्वा दारात होती, ती उजेडातून आलेली, तिला अंधारात माझी पाठच दिसत असणार. आणि मला तर माझे हात माझेच वाटत नव्हते. एवढीशी गोष्ट. कोण बघणार?

लीलानं विचारलं, "परत लावू?"

मी म्हणाले, "लाव."